चौदा दिवसांचा चष्मा

सात माणसं होती, मला धरून आठ. टेबलापलीकडे आमच्या साखर कारखान्याचे चीफ केमिस्ट, राधाकृष्ण साहेब, त्यांच्या डाव्या हाताला दोन केमिस्ट, दाराशी शेतकी खात्याचे दोन मदतनीस, स्टुलावर शिपाई, आणि मधोमध, पदराचं टोक दातात धरून उभ्या असलेल्या छबूबाई. टेबलावर उसाची सहा कांडी, एक सुरी, ओलं फडकं, काचेची दोन भांडी आणि हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर. ही वीतभर लांबीची नळी. एका टोकाला रसाचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावून उजेडाकडे बघायचं. आत आकड्यांची पट्टी दिसते, वर निळं, खाली पांढरं. दोन्ही रंग जिथे भेटतात तो आकडा म्हणजे रसाचा ब्रिक्स, ढोबळ मानाने त्यातली साखर. भिंतीवर खतांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, माझ्यापासून साडेसहा फुटांवर. हे अंतर मी नंतर टेपने मोजलं, लॅबमध्ये कुणी नसताना. तारीख १९ नोव्हेंबर १९९६. त्या सातांपैकी पाच जण हसले. शिपायाला ऐकू कमी येत असे, म्हणून तो हसला नाही. छबूबाई का हसल्या नाहीत, ते मला माहीत नाही.

हा हिशोब मी दीड वर्ष रोज करत आलो होतो, पण तो निव्वळ सवयीने, दात घासावेत तसा. १९९८च्या एप्रिलच्या तेवीस तारखेला सकाळी तो पुन्हा अंगावर आला. नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून छापील कागद आला होता. लेसरने नंबर घालवायचं ऑपरेशन पुण्याला होणार होतं, पण त्याआधीची तपासणी नगरला, सात मेला. तपासणीपूर्वी चौदा दिवस डोळ्यांत लेन्स घालायची नाही, कारण लेन्सच्या दाबाने डोळ्याच्या समोरच्या काचेचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात. जुने चष्मे आणि नंबरचे सगळे कागद बरोबर आणावेत. डोळे चोळू नयेत. थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत माणूस आणावा. मी लेन्स काढून डबीत ठेवल्या, ट्रंकेतून चष्मा काढला आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो. माझ्याबरोबर काट्यावर काम करणाऱ्या तुषारने मला पाहिलं, हातातली पावती खाली ठेवली आणि मोठ्याने ओरडला, "आयला, गोऱ्या! आलं का परत सोडावॉटरच्या बाटलीचं बूड?" रांगेतले तीन गाडीवान वळून बघू लागले. एक जण म्हणाला, "ह्यो तर तोच की, लॅबमधला." एवढंच. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मी बैलगाडीचं वजन दोनदा वाचलं.

त्या नोव्हेंबरात लॅबमध्ये काय झालं ते तसं थोडक्यात सांगता येतं. हंगामाआधी आम्ही प्रत्येक फडातल्या उसाचा रस तपासतो. ब्रिक्स एकोणीसच्या वर असेल तर ऊस पिकला, तोडणीचा नंबर आधी; खाली असेल तर मागे. तपासणीचा मदतनीस म्हणून माझ्याकडे तीनशे बारा फड होते. काष्टीच्या बाजूला छबूबाईंचा आडसाली, दीड वर्षाचा ऊस मी बघितला आणि वहीत लिहिलं, १७.४. त्यांचा नंबर मागे गेला. बांधाच्या पलीकडचा फड दुसऱ्या मदतनीसाने बघितला, १९.६. तो ऊस तुटला, आणि छबूबाई थेट लॅबमध्ये येऊन उभ्या राहिल्या. "सायेब, बांधाच्या अलीकडं माजा, पलीकडं मनकर्णाबाईचा. एका दिशी लावल्याला. बेनं एक, पानी एका पाटाचं. तिचा पिकला आन् माजा कच्चा? माज्या शेताला काय येगळा सूर्व्या हाय?" राधाकृष्ण साहेब स्वतः जीप घेऊन गेले, ऊस काढून आणला, रस बघितला. १९.८. मग त्यांनी मला बोलावलं. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेन, एक निळं, एक लाल. म्हणाले, "गोरक्ष, चष्मा काढ."

मी काढला. का काढला, हा प्रश्न मी स्वतःला नंतर हजार वेळा विचारला. माझा हात माझ्याआधी वर गेला होता.

"समोर काय आहे?"

"कॅलेंडर, सर."

"महिना कोणता?"

"नोव्हेंबर."

"अरे बाबा, महिना तर न बघताही सांगता येतो. दुकानाचं नाव वाच."

तिथे मी पहिलं हसू ऐकलं. मी पुढे झुकलो. "जागेवरून," ते म्हणाले. तांबड्या रंगाचा एक ढग, त्याच्याखाली हिरवा ढग. मी डोळे बारीक केले. तेव्हा ते छबूबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा ऊस कच्चा नाही. आमचा माणूस कच्चा आहे." पुढच्या सोमवारी माझी बदली काट्यावर झाली. छबूबाईंचा नंबर कागदावर पुढे आला खरा, पण तोडणीचा कार्यक्रम छापून गेला होता, टोळ्या दुसऱ्या गटात गेल्या होत्या. त्यांच्या फडात टोळी पोचली ती मार्च संपताना.

मला राग अपमानाचा होताच, पण त्याहून जास्त राग त्या प्रयोगाचा होता. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. चष्मा काढल्यावर दिसत नाही, हे दाखवून चष्मा लावल्यावर दिसत नव्हतं हे सिद्ध होत नाही. कुठल्याही प्रॅक्टिकलच्या परीक्षेत असला पुरावा दिला असता तर भोपळा मिळाला असता. आणि हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. महिनाभर आधी एका संचालकासमोर त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा सांगितला आणि मी मध्येच म्हणालो होतो, "सर, तापमानाची दुरुस्ती राहिली." यंत्र वीस अंशांसाठी आखलेलं असतं, त्याहून गरम असेल तर थोडे पॉइंट मिळवावे लागतात. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि लाल पेनने आकडा दुरुस्त केला. त्या लाल पेनाचं टोपण लावताना झालेला टक् असा आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हाच त्यांनी मनात लिहून ठेवलं असणार. आणि त्यांचे १९.८ कुठून आले तेही मी शोधून काढलं होतं. अर्धवट पिकलेल्या उसाचा बुडखा गोड असतो आणि शेंडा पाणचट. बुडख्याचा रस घेतला की कुठलाही ऊस पिकलेला ठरवता येतो. त्यांनी बुडख्याचा घेतला, मला खोटं पाडण्यासाठी. माझे १७.४ खरे होते. या एका वाक्यावर मी दीड वर्ष उभा होतो.

काट्यावरचं काम वाईट नव्हतं. मोठे आकडे, मोठा आवाज, उसाचा वास, आणि चिमणीतून दिवसभर पडणारी काजळी, जी शर्टाच्या कॉलरवर, चहावर, पापण्यांवर बसते. मी डोळे चोळत असे, विशेषतः उजवा. लॅबच्या दिवसांपासून ती खोडच लागली होती. डिसेंबरातच मी नगरला जाऊन लेन्स घेतल्या. चष्मा नसलेला माझा चेहरा पहिल्यांदा राधाकृष्ण साहेबांनी जीपच्या काचेतून बघितला. मी त्यांची जीप अकरा मिनिटं थांबवली. मागच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली आहे असं सांगून. ट्रॉली सरळ करायला दोन मिनिटं पुरली असती. मी घड्याळ बघत होतो. अकरा मिनिटांत माणूस किती वेळा घाम पुसतो? चार वेळा. असले छोटे सूड मी बरेच घेतले आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी उपाशी राहिल्यासारखं वाटलं. मग अर्ज तयार केला. जून महिन्यात साहेबांना निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही हे संचालक मंडळ ठरवणार होतं. अर्जात तीन परिच्छेद होते: एक, नमुना घेण्याची पद्धत चुकीची, दोन, ती जाणूनबुजून चुकीची, तीन, माझ्या दृष्टीबद्दल चारचौघांत केलेला आरोप खोटा, आणि म्हणून मुदतवाढ देऊ नये व मला लॅबमध्ये परत घ्यावं. शेवटी "सोबत : नेत्रतपासणीचा दाखला." तारखेची जागा कोरी ठेवली होती. नुसत्या तपासणीचा दाखला कुणालाही पुरला असता, हे मला माहीत होतं. पण मला चष्म्याशिवायचे सहाला सहा, म्हणजे निर्दोष नजर, हवे होते. मला मंडळासमोर उभं राहायचं होतं आणि त्यांना म्हणायचं होतं, आता काय काढायला सांगता?

त्या चौदा दिवसांत मी कागद लावत बसलो. नंबरच्या पाच चिठ्ठ्या निघाल्या, पहिली दहावीतली. मी त्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या आणि आलेखाचा कागद घेतला. दोन्ही डोळ्यांचे मुख्य नंबर एकविसाव्या वर्षापासून स्थिर होते, साडेसहाच्या आसपास. ऑपरेशनला हेच हवं असतं. उजव्या डोळ्याचा दुसरा नंबर, तिरपेपणाचा, ज्याला चष्मेवाले सिलिंडर म्हणतात, तो मात्र पहिल्या चिठ्ठीत नव्हताच, पुढच्या चारांत पाऊण, सव्वा, अडीच, साडेतीन असा चढत गेला होता. मी तो बिंदू बिंदूने काढला आणि रेषा जोडली नाही. चष्मेवाल्यांची हयगय, असं मनात म्हटलं. चार वेगळी दुकानं, चार वेगळी माणसं. १९९६च्या ऑक्टोबरातल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं होतं, तेही मी दुकानदाराचा हिशोब समजून सोडून दिलं. वैज्ञानिक शिक्षणाने माणूस काय शिकतो, तर आपल्याला नको असलेल्या बिंदूला सौम्य नावं द्यायला. हे वाक्य आत्ताचं आहे. त्या दिवशी मी शिट्टी वाजवत होतो. एक गोष्ट मात्र खटकली. चष्मा लावून काट्यावरचा दिवा बघितला की त्याला खाली शेपूट दिसे, ओल्या रंगाचा ओघळ यावा तसं. काच पुसली, तरी शेपूट तिथेच. जुना चष्मा, मी म्हटलं.

काष्टीच्या बाजारात छबूबाई भेटल्या. शेळ्यांच्या बाजूला उभ्या होत्या, हातात दोरी, दोरीच्या टोकाला करडू. दीड वर्षात मी त्यांना टाळत आलो होतो. चष्मा नसता तर त्यांनी मला ओळखलंही नसतं.

"नळीत बघनारा न्हवं तू?" त्या म्हणाल्या.

"हो, मावशी."

"आता काय बगतुस?"

"काट्यावर असतो."

"बरं झालं. तितं आकडं मोठं असत्यात." आणि त्या हसल्या, तोंडभर, अजिबात न लपवता. त्यांच्या शेजारच्या बाईलाही हसू फुटलं. मी म्हणालो, मावशी, तुमचं नुकसान झालं ते माझ्यामुळे नाही. साहेबांनी बुडख्याचा रस घेतला. बुडख्याचा कुठलाही ऊस पिकलेलाच निघतो. तुमचा ऊस खरंच कच्चा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. करडाने माझ्या पँटला तोंड लावलं, त्यांनी दोरी ओढली.

"कोन म्हनतं बुडख्याचा?"

"मला माहीत आहे."

"तुला म्हायती आसंल. मी तितं हुते. जागजागचं धा ऊस काडलं त्यानी. येकेका उसाचा शेंड्याचा, मधला आन् बुडख्याचा, तिन्हींचा रस येका वाटीत केला. माज्याच घरची वाटी. आन् माज्या सुनंच्या हातात नळी देऊन बोलले, बग पोरी, कितीवर हाय. ती सातवी शिकल्याली. ती म्हनली, विसाला जरा कमी." त्यांनी दोरी मनगटाला गुंडाळली. "मार्चात तुटला माजा ऊस. तुरं आल्यालं. त्येचं काय न्हाई, ऊस गेला तर गेला. पर उन्हात तोडल्याल्या बुडातनं खोडवा फुटलाच न्हाई बग. आठ सालांत पयल्यांदा खोडवा न घेता त्या रानात नांगर घालावा लागला. तुज्या आईला इचार खोडवा करपतो म्हंजी काय."

मी म्हणालो, सूनबाईंना पट्टी वाचता आली नसेल. त्या म्हणाल्या, "व्हय, आन् तुला आली." आणि करडू घेऊन गर्दीत गेल्या. मी तिथे उभं राहून मनातल्या मनात तिन्ही रसांचं मिश्रण केलं. तसं केलं असेल तर पद्धत बरोबर होती. म्हणजे बाई खोटं बोलत होत्या. साहेबांनी त्यांना पढवलं होतं. घरी येऊन मी अर्जाला चौथा परिच्छेद जोडला: साक्षीदारावर दबाव. लिहिताना माझं अक्षर सुंदर आलं.

सात मेला तुषार आणि मी सकाळच्या एस.टी.ने नगरला गेलो. वाटेत त्याने मला लेसरबद्दल विचारलं आणि मी त्याला समजावून सांगितलं, किरणाने डोळ्याच्या समोरची काच केसाच्या जाडीइतकी खरवडून तिचा बाक कमी करतात, म्हणजे प्रतिमा बरोबर पडद्यावर पडते. तो म्हणाला, "म्हंजी रंधा मारत्यात." मी म्हणालो, तसंच. "आन् रंधा मारून त्या म्हाताऱ्याला काय दाखवनार? तो तर रिटायर व्हायला आला." मी खिडकीबाहेर बघितलं. त्याला अर्जाबद्दल माहीत नव्हतं. अर्ज माझ्या पिशवीत होता, चिठ्ठ्यांच्या खाली. तपासणी झाली की तिथूनच दाखला जोडून टपालाने पाठवायचा, असा बेत होता. ऑपरेशनपर्यंत थांबायला आता धीर नव्हता.

दवाखान्यात आधी एका मुलीने नंबर काढला. डावा डोळा झाकून उजव्याने वाचायला सांगितलं. ती काचा बदलत होती, एक की दोन, आता एक की दोन, आणि मला दोन्ही वाईट वाटत होत्या. मी म्हणालो, ताई, तुमचा तक्ता पुसट आहे. ती म्हणाली, "आता उजवा झाका." डाव्या डोळ्याला शेवटची ओळ कोरून ठेवल्यासारखी दिसली, छापखान्याचं नावसुद्धा. ती उठून गेली आणि डॉक्टरबाईंना घेऊन आली. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. त्यांनी मला एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवली की समोर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा एक शंकू दिसे. ती वर्तुळं माझ्या डोळ्यावर उमटायची आणि त्यांचा फोटो निघायचा. फोटो त्यांनी माझ्यासमोर ठेवले. डाव्या डोळ्याची वर्तुळं वर्तुळंच होती. उजव्या डोळ्याची वर्तुळं खालच्या बाजूला सरकली होती, अंड्यासारखी, गर्दी करून.

"डोळे चोळता का?"

"काजळी जाते. कारखान्यात."

"किती वर्षं?"

"चार."

"उजवा जास्त?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी सावकाश समजावलं, वर्गात सांगतात तसं. डोळ्याच्या समोरची काच गोल असायला हवी. काहींची ती पातळ होते आणि खालून टोकासारखी पुढे येते. चोळल्याने ते वाढतं. अशा डोळ्यावर लेसर करायचा नाही, आहे तीच काच पातळ आहे. या डोळ्याला चष्माही पुरेसा लागत नाही, कारण चष्म्याची काच गोल चूक दुरुस्त करते आणि ही चूक गोल नाही. कडक लेन्सने फरक पडेल, ती आपण करून बघू. आंधळे वगैरे होणार नाही तुम्ही, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो. मी विचारलं, हे केव्हापासून असेल? त्यांनी माझ्या चिठ्ठ्या घेतल्या, त्या पत्त्यांसारख्या पसरल्या आणि ऑक्टोबर १९९६च्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. कोपऱ्यातलं पेन्सिलीचं लिखाण. "हे बघा, त्या माणसाने लिहून ठेवलंय. उजवा, सहाला बारा, चष्म्यासह. डॉक्टरला दाखवा, असंही लिहिलंय. सांगितलं नाही त्याने?" त्याने सांगितलं होतं. आत्ता आठवलं. तो म्हणाला होता, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, आणि मी म्हणालो होतो, हो हो, आणि सायकलवर बसलो होतो.

"एका वस्तूच्या खाली तिचीच फिकट सावली दिसते का? रेषेखाली रेषा? फक्त उजव्या डोळ्याने?"

तुषार दारात उभा होता. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये निळं आणि पांढरं एका रेषेत भेटतं असं पुस्तकात असतं. मला ते कधीच एका रेषेत भेटलेलं दिसलं नाही. मधे एक करडा पट्टा असे. वरची कड, खालची कड. यंत्रं अशीच असतात, मी समजत होतो. चित्रं सोपी करून काढलेली असतात. आणि एक शिस्त म्हणून मी पहिल्या दिवशी नियम केला होता: नेहमी खालची कड घ्यायची. मला या नियमाचा अभिमान होता. दुसरे मदतनीस अंदाजाने बघतात आणि मी नियमाने बघतो. तीनशे बारा फड मी एकाच कडेने वाचले होते, कुठेही न चुकता, उजव्या डोळ्याने, डावा घट्ट मिटून. "दिसते," मी म्हणालो. मग विचारलं, "यामुळे आकडा चुकेल का? एखाद्या पट्टीवरचा?" त्या म्हणाल्या, "चुकेलही, न चुकेलही. तुमचं यंत्र मी बघितलेलं नाही. तुम्हीच बघा ना."

परत येताना एस.टी.त थेंबांमुळे सगळं उजेडात बुडालं होतं. तुषारने माझ्या दंडाला धरलं होतं आणि पहिल्यांदाच तो काही विनोद करत नव्हता. माझ्या डोक्यात मात्र माझी बाजू मांडणं थांबत नव्हतं. सहाला बारा म्हणजे आंधळं नव्हे. पट्टा होता, पण खालची कडच खरी असेल. सावली वरच्या बाजूला पडत असेल, कोण सांगावं. दिव्याचं शेपूट खाली दिसे. पण दिवा वेगळा, यंत्र वेगळं. आणि समजा चूक झाली, तरी चष्मा काढ म्हणणारा माणूस त्याने बरोबर ठरत नाही. हे आजही मला पटतं. तो प्रयोग चुकीचाच होता. फक्त, त्या माणसाने चुकीचा प्रयोग करून बरोबर उत्तर काढलं असेल तर? या विचाराने मला जेवढा त्याचा द्वेष वाटला तेवढा त्या नोव्हेंबरातही वाटला नव्हता. डोळे मिटले की पापण्यांच्या आत फड दिसत होते, एकापुढे एक, नंबर लागायची वाट बघणारे.

आठ तारखेला दुपारी मी लॅबमध्ये गेलो. गाळप संपलं होतं, यंत्रं कापडाखाली होती. राधाकृष्ण साहेब एकटेच बसले होते, जुन्या वह्यांना पाठीमागून दोरा घालत. मी चष्म्यात होतो. खिशात अर्ज होता, चार परिच्छेदांचा. मी ठरवलं होतं: वीस टक्क्यांच्या साखरपाण्यावर उजव्या डोळ्याने वीस आले तर अर्ज यांच्याच टेबलावर ठेवायचा, यांच्या तोंडावर. नाही आले तर काय, ते ठरवलं नव्हतं.

"सर, रिफ्रॅक्टोमीटर हवा होता."

"हंगाम संपला."

"साखरेचं द्रावण करून बघायचंय. वीस टक्क्यांचं."

त्यांनी सुई दोऱ्यातच ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, आणि मी तयार होतो. ते म्हणाले, "डाव्या ड्रॉवरमध्ये आहे. आधी पाण्यावर शून्य बघ."

मी शून्य डाव्या डोळ्याने बघितलं. ते बरोबर होतं. साखर मीच मोजली, त्यांना तराजूला हात लावू दिला नाही. वीस ग्रॅम साखर, ऐंशी ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी. अशा द्रावणाचा ब्रिक्स वीसच असतो, व्याख्येनेच. त्यात कुणाचा बुडखा नाही, कुणाचा शेंडा नाही. काचेच्या कांडीने ढवळलं, शेवटचा कण विरघळेपर्यंत. थेंब टाकला, झाकण लावलं, खिडकीकडे वळलो. साहेबांनी वही उलटली, मागचं कोरं पान काढलं आणि निळं पेन उघडलं.

"तू सांग. मी लिहितो."

"मी लिहीन."

"डोळा लावून लिहिणार कसा?" ते म्हणाले. "सांग."

मी उजव्या डोळ्याने तीनदा वाचलं, खालच्या कडेवर, नेहमीसारखं. प्रत्येक वेळी थेंब पुसून नवा घेतला. मग डाव्याने तीनदा. डाव्या डोळ्यात पट्टा नव्हता. निळं आणि पांढरं एका रेषेत भेटत होतं. मी आकडे सांगत गेलो आणि पेनचा आवाज येत गेला. मग तो थांबला.

"तापमान?"

मी थर्मामीटर बघितला. "एकतीस. शून्य पॉइंट आठ मिळवायचे."

त्यांनी मिळवले आणि वही माझ्याकडे फिरवली.

उजवा डोळा, सरासरी, दुरुस्तीसह : १७.८. डावा डोळा, सरासरी, दुरुस्तीसह : २०.०.